जुनी गाडी पीयूसीत दर वेळी नापास होते? आधी सीओ आणि एचसी एकत्र वाचा

पावसाळा सरला, गणपतीला आलेले चाकरमानी परत गेले, आणि मांगरात किंवा पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली जुनी गाडी पीयूसीला न्यायची वेळ आली की आपल्याकडे बऱ्याच घरांत एकच प्रकार घडतो. गाडी पास होत नाही. मेकॅनिक कार्बोरेटरचा मिक्स्चर स्क्रू थोडा आत घेतो, मशीनवरचा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) उतरतो, कागद हातात पडतो. घरी येताना पहिल्याच चढणीला गाडी धापा टाकते, म्हणून दुसऱ्या दिवशी तोच स्क्रू परत बाहेर. सहा महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून.

हे चक्र मी कार्बोरेटरवाल्या मारुती ८००, प्रीमियर पद्मिनी आणि पेट्रोल जीप या तिन्हींत पाहिलं आहे, आणि ते थांबवता येतं. त्यासाठी इंजिन उतरवावं लागत नाही. मशीनवर दिसणारे सीओ आणि एचसी (हायड्रोकार्बन) हे दोन आकडे एकत्र वाचायचे आणि ते ज्या बाजूला बोट दाखवतात तिथेच हात घालायचा, एवढंच करायचं आहे. बहुतेक मालक पास की नापास एवढंच विचारतात. खरं तर नापास झालेल्या गाडीचे आकडे जास्त कामाचे असतात. २०२१ पासून नापास गाडीला रिजेक्शन स्लिप द्यायची तरतूद आहे. ती मागून घ्या, नाही तर निदान स्क्रीनचा फोटो काढा, आणि तो फोटो मेकॅनिकला दाखवल्याशिवाय कार्बोरेटरला हात लावू देऊ नका.

आधी मर्यादा पक्की करा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ११५ प्रमाणे भारत स्टेज (गाडीच्या धुराचे सरकारी निकष) २ च्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला आयडलिंगवर (रेस न देता इंजिन चालू असताना) सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएम एवढी सूट आहे. भारत स्टेज २ आणि ३ च्या गाडीला तीच मर्यादा ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. भारत स्टेज ४ पासून ती ०.३ टक्के आणि २०० पीपीएम होते, शिवाय साधारण २५०० आरपीएमवर वेगळी तपासणी असते.

इथे कोकणात एक खास गोंधळ होतो. मुंबईत भारत स्टेज २ लागू झालं २००१ मध्ये, आणि बाकी देशात, म्हणजे आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातही, एप्रिल २००५ पासून. त्यामुळे २००२ साली मुंबईत घेतलेली आणि आता गावाला आणून ठेवलेली गाडी, आणि त्याच साली इकडे घेतलेली गाडी, या दोघींना वेगवेगळी मर्यादा लागू शकते. मुंबईची गाडी असेल तर तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) असण्याचीही शक्यता मोठी, कारण चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो १ एप्रिल १९९५ पासूनच बसवावा लागत होता. आरसी बुकात उत्पादनाचं वर्ष काय आहे आणि ऑनलाइन नोंदीत स्टेज कोणती दिसते ते पाहून जा. चुकीची स्टेज धरली गेली असेल तर तुम्ही वर्षभर ट्यूनिंग करत बसाल आणि गाडीत काही दोषच नसेल.

आता आकड्यांकडे. सीओ वाढतो तेव्हा इंजिनला पेट्रोल जास्त आणि हवा कमी मिळत असते. पेट्रोल जळतं, पण अर्धवट. एचसी म्हणजे मुळातच न जळता बाहेर पडलेलं पेट्रोल. म्हणून सीओ वर आणि एचसी आटोक्यात असेल तर कार्बोरेटर, फिल्टर, चोक याच बाजूला बघायचं. एचसी वर आणि सीओ खाली असेल तर कुठला तरी सिलिंडर मिस मारतोय, आणि मिस मारणारा सिलिंडर स्क्रूने बरा होत नाही. दोन्ही वर असतील तर आधी इंजिन नीट तापलं होतं का ते विचारा. तापलेलं असूनही दोन्ही वर असतील तर मिश्रण इतकं जाड आहे की प्लगच काजळले आहेत, किंवा दोन बिघाड एकदम आहेत. आणि दोन्ही अगदीच कमी असतील तर खूश होण्याआधी सायलेन्सरखाली वाकून बघा. त्याबद्दल पुढे लिहितो.

आपल्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त फसवतो तो दुसरा प्रकार, म्हणून त्यावर जरा थांबतो.

देवगडच्या बाजूची १९९४ ची एक मारुती ८०० आली होती. सीओ ०.९, एचसी २८०० च्या वर. मर्यादा ३ आणि १५००. म्हणजे सीओ मर्यादेच्या कितीतरी आत होता, तरीही आधीच्या ठिकाणी स्क्रू अजून आत घेऊन दिला होता. त्याने झालं काय, तर आधीच अडखळणाऱ्या इंजिनाला आणखी पातळ मिश्रण मिळालं आणि एचसी अजून चढला. तीन सिलिंडरमधला एक जरी अधूनमधून चुकत असेल तरी त्याचं सगळं पेट्रोल तसंच सायलेन्सरमधून जातं आणि एचसी हजारांत जातो. न जळलेल्या त्या सिलिंडरची हवा धुरात मिसळल्यामुळे सीओ मात्र उलट कमी दिसतो. आकडा बघून वाटतं की मिश्रण छान आहे.

डेल्कोचं, म्हणजे प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं, झाकण काढलं. आतल्या तीनही टोकांवर हिरवट-पांढरा थर, आणि मधल्या कार्बनपासून एका टोकाकडे केसासारखी बारीक काळी रेघ गेलेली. उन्हात तिरकं धरल्याशिवाय ती दिसत नाही. आतून दमट झालेल्या झाकणावर करंट त्या रेघेवरून सरकतो आणि प्लगपर्यंत पोचतच नाही. झाकण, रोटर आणि प्लग वायरींचा सेट बदलला, मग स्क्रू पुन्हा बाहेर घेऊन मिश्रण नीट लावलं. सीओ दोनच्या जरा वर गेला, एचसी पाचशेच्या खाली आला, आणि गाडी चढणीला पूर्वीसारखी ओढायला लागली. सीओ वाढला आणि तरीही गाडी पास झाली, हे मालकाला पटायला थोडा वेळ लागला. जुन्या कार्बोरेटरच्या इंजिनाला आयडलिंगवर दीड ते अडीच टक्के सीओ लागतोच. ज्याला ३ टक्के सूट आहे त्याला अर्ध्या टक्क्यावर आणायचा हट्ट करू नये.

खाऱ्या वाऱ्याने आणि चार महिन्यांच्या दमटपणाने इग्निशनचं जे होतं ते घाटमाथ्यावरच्या गाडीत सहसा होत नाही. म्हणून एचसी वाढलेला दिसला की मालवणकडचे एक जुने मेकॅनिक म्हणायचे तेच मीही म्हणतो: "स्क्रूक हात लावू नको, आदी वायरी बघ." ते बघायचं कसं, तर रात्री अंगणातला दिवा मालवा, बोनेट उघडून इंजिन चालू करा आणि फवाऱ्याच्या बाटलीने प्लग वायरींवर आणि डेल्कोच्या झाकणावर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. हात लांब ठेवा, वायरला शिवू नका. करंट गळत असेल तर निळसर ठिणग्या वायरीच्या अंगावरून पळताना दिसतील आणि इंजिनाचा सूर त्याच क्षणी बिघडेल. बिघडलेल्या वायरी अशा पकडता आल्या तर वेगळं यंत्र लागत नाही.

प्लग काढलेत तर ते कुठल्या सिलिंडरचे हे लक्षात राहील असे ओळीने कागदावर मांडा. टोक फिक्या तपकिरी रंगाचं असेल तर तो सिलिंडर ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण जाड. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा प्लग म्हणजे तिथे ठिणगीच पडत नाही. तेलकट ओलसर असेल तर ऑइल वर चढतंय. एकच प्लग वेगळा दिसत असेल तर दोष त्या सिलिंडरच्या वायरीत, प्लगमध्ये किंवा व्हॉल्व्हमध्ये. सगळे सारखेच बिघडलेले असतील तर दोष सगळ्यांना मिळून लागणाऱ्या गोष्टीत, म्हणजे पॉइंट, कॉइल किंवा कार्बोरेटरमध्ये. पॉइंटवर पावसाळ्यात राखाडी थर बसतो. बारीक पॉलिश पेपरने साफ करून, मग कोरा कागद मधून ओढून धूळ काढा आणि गॅप फिलर गेजनेच लावा. मारुती ८०० ला ०.४ ते ०.५ मिलिमीटर. नुसत्या नजरेने लावलेला गॅप घरापुढच्या रस्त्यावर चालून जातो, मशीनवर पकडला जातो.

इग्निशन सगळं स्वच्छ आहे आणि तरी एचसी वर आहे? मग इंजिन कुठून तरी फुकटची हवा ओढतंय का ते बघा. कार्बोरेटरच्या बुडाचं पॅकिंग, मॅनिफोल्डचं पॅकिंग, डेल्कोच्या व्हॅक्यूम डायफ्रॅमची नळी, आणि ज्या गाडीला ब्रेक बूस्टर आहे तिथे त्याची जाड नळी. इंजिन चालू असताना ही नळी पक्कडीने हलकेच दाबा. दाबल्यावर इंजिन एकदम सुधारलं तर गळती बूस्टरच्या बाजूला. जुन्या रबराला ऊन आणि खारी हवा दोन्ही खातात, बाहेरून काळी तुळतुळीत दिसणारी नळी वाकवली की आतून तडकलेली निघते. सगळ्यात शेवटी टॅपेट (व्हॉल्व्हची गॅप) आणि कॉम्प्रेशन. शिसंयुक्त पेट्रोल देशभरात २००० साली बंद झालं. त्याआधीच्या काळातल्या काही इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट मऊ असतात, त्या हळूहळू झिजतात आणि टॅपेटची गॅप आपोआप कमी होत जाते. टॅपेटचा आवाज अजिबात येत नाही म्हणून आनंद मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. घट्ट झालेला व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि एचसी वाढवतो. थोडासा टकटक आवाज येणारं इंजिन पीयूसीला जास्त बरं.

आता सीओ वाढलेला असेल तर. आपल्या जांभ्याच्या रस्त्यांवर एअर फिल्टर दिसतो त्याहून जास्त तुंबलेला असतो, तांबडी बारीक धूळ कागदाच्या घड्यांत ओल धरून बसते आणि झटकून निघत नाही. फिल्टर काढून एकदा आकडा बघा. सीओ ठळक उतरला तर नवा फिल्टर घाला, विषय संपला. त्यानंतर चोक. चोकची केबल गंजून अर्ध्यावर अडकते. डॅशबोर्डवरचा नॉब आत गेलेला दिसतो आणि कार्बोरेटरच्या तोंडावरची पट्टी मात्र तिरकीच राहिलेली असते. फिल्टरचा डबा उघडून डोळ्यांनी बघा, नॉबवर विश्वास ठेवू नका. पट्टी पूर्ण उभी हवी. मग फ्लोटची लेव्हल, सुई आणि तिची सीट. सुईच्या टोकाला कंगोरा पडलेला नखाला लागतो. तसा लागला तर सुई आणि सीट दोन्ही बदला, एकट्या सुईने भागत नाही.

एक दोष असा आहे की तो कार्बोरेटर तीनदा खोलला तरी सापडत नाही. मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम फाटला की पेट्रोल थेट इंजिनाच्या तळाशी ऑइलच्या संपमध्ये उतरतं. इंजिन तापलं की त्या ऑइलमधून पेट्रोलची वाफ उठते, ब्रीदरच्या नळीतून परत कार्बोरेटरच्या तोंडाशी येते आणि सीओ चढवते. डिपस्टिक बाहेर काढून वास घ्या. ऑइलची पातळी न भरताच वाढलेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर हेच आहे. ब्रीदरची नळी डब्यापासून क्षणभर सोडवून बघितली आणि सीओ लगेच उतरला, तरी हेच. पंप दुरुस्त करून ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय ही गाडी चालवूही नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगचं वाटोळं करतं, पीयूसी ही त्यापुढे लहान गोष्ट.

हा डायफ्रॅम हल्ली जास्त का फाटतो, तर पेट्रोलमध्ये आता इथेनॉल आहे. २०२२ मध्ये देशभर १० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट गाठलं गेलं आणि २०२५ पर्यंत पंपावर सर्रास २० टक्के मिश्रण आलं. जुन्या गाड्यांतलं रबर इथेनॉलसाठी बनवलेलंच नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, नंतर तडकतं. पंपाचा किट घेताना, पेट्रोलच्या नळ्या बदलताना इथेनॉल चालणारं रबर आहे का ते विचारूनच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

इथेनॉलचा दुसरा परिणाम आकड्यांवर होतो. नुसतं पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण १३.५ पट. कार्बोरेटरला हे कळत नाही, त्याचे जेट जुन्या हिशोबाचेच. त्यामुळे तीच गाडी त्याच सेटिंगवर आठेक टक्के पातळ चालते. ज्यांचं मिश्रण आधी जाड होतं त्यांचा सीओ यामुळे आपसूक उतरतो. ज्यांचं आधीच बेताचं होतं त्यांची गाडी आयडलिंगला अडखळते आणि एचसी वाढतो. म्हणून काही वर्षांपूर्वी लावलेलं ट्यूनिंग आजच्या पेट्रोलवर जसंच्या तसं चालेल असं धरू नका. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. अर्ध्या टाकीवर पावसाळा काढलेल्या गाडीत तळाशी पाणी आणि इथेनॉल वेगळं झालेलं असू शकतं. ऑक्टोबरात पहिलं काम म्हणून फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बरणीत काढून थोडा वेळ ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करायला हवी.

टाकीचा विषय निघालाच आहे तर तिच्या ब्रीदरची, म्हणजे हवा आत यायची, नळीही बघा. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या कुठल्याही उघड्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घरटं करते. टाकीचा ब्रीदर बुजला की आत व्हॅक्यूम होतो, पेट्रोल कमी येतं, आणि गाडी दहा-पंधरा किलोमीटर छान चालून मग मिस मारायला लागते. नेमकी पीयूसी केंद्रात पोचल्यावर. टाकीचं झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला तर पातळ तारेने नळी साफ करा.

घाटावर ट्यूनिंग करून आणणाऱ्यांसाठी एक सांगायला हवं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. तिथली हवा विरळ असल्यामुळे तिथे बरोबर लावलेलं मिश्रण आंबा घाट उतरून रत्नागिरीला आलं की अडीच टक्क्यांच्या आसपास पातळ होतं. फरक मोठा नाही, पण इथेनॉलमुळे आधीच काठावर असलेल्या इंजिनाला तेवढा पुरतो. जेट आणि फ्लोटचं काम कोल्हापूरला करून घ्या, कारागीर तिथे चांगले आहेत. आयडलिंगचं शेवटचं मिश्रण मात्र खाली आल्यावर, इंजिन तापवून, मशीन लावूनच ठरवा.

सायलेन्सरचं राहिलं होतं. खारी हवा बाहेरून आणि धुरातलं पाणी आतून, अशी दोन्हीकडून त्याची झीज होते. भोकातून बाहेरची हवा आत शिरते आणि आकडे पातळ होतात. चार वायूंच्या मशीनवर ते लगेच कळतं: सीओटू (कार्बन डायऑक्साइड) १२ ते १४ टक्क्यांच्या आसपास हवा, तो नऊ-दहावर आला आणि ऑक्सिजन चढलेला असला तर एक तर सायलेन्सर फुटका किंवा सिलिंडर मिस मारतोय. फुटक्या सायलेन्सरवर मिळालेला कागद हा कागदच असतो, आणि ते भोक गाडीच्या तळाशी असेल तर विषारी सीओ काचा बंद करून बसलेल्या माणसांपर्यंत पोचू शकतो. हे मी फार गंभीरपणे सांगतो आहे. मुलाबाळांना घेऊन प्रवास करायचा असेल तर आधी सायलेन्सर, मग पीयूसी.

बांधून घेतलेल्या जीपा आपल्याकडे बऱ्याच आहेत, काही लष्कराच्या लिलावातल्या भागांतून हरियाणात मंडी डबवालीला बनलेल्या. त्यांचा पहिला प्रश्न कागदाचा असतो. पीयूसी केंद्र गाडीची माहिती ऑनलाइन नोंदीतून उचलतं. नोंदीत पेट्रोल आणि बोनेटखाली डिझेल, असं असेल तर चाचणीच अडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदललं की त्याची नोंद आरटीओत करून घ्यावी लागते. ती आधी करा. दुसरा प्रश्न अर्थिंगचा. फायबरची बॉडी असलेल्या गाडीत बॉडीतून करंट परत जात नाही, आणि पत्र्याची असली तरी सांधे गंजलेले असतात. बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिन ब्लॉकला जाड तांब्याची पट्टी टाका. कॉइलला पूर्ण व्होल्टेज मिळालं की कमकुवत ठिणगीमुळे वाढलेला एचसी पुष्कळदा तेवढ्यानेच उतरतो.

डिझेलवाल्या कमांडर, एमएम ५४०, ट्रॅक्स यांची चाचणी वेगळी. इथे सीओ-एचसी नसतं, रिकाम्या गिअरवर पूर्ण रेस देऊन धुराचा काळेपणा मोजतात. भारत स्टेज ४ च्या आधीच्या गाडीला ६५ हार्टरिज युनिट, म्हणजे २.४५ प्रति मीटर ही मर्यादा आहे. गावातल्या गावात हळू फिरणाऱ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी साठते आणि पहिल्या दोन-तीन रेसना तीच बाहेर पडून गाडी नापास होते. चाचणीच्या आधी हातखंब्यापर्यंत किंवा जवळच्या घाटात खालच्या गिअरवर एक मोकळी दौड करून आणा, काजळी रस्त्यातच निघून जाईल. तरीही धूर काळाच राहिला तर एअर फिल्टर, मग नॉझलचं प्रेशर आणि फवारा, मग पंपाचं टायमिंग, याच क्रमाने जा. पंपाचं सील तोडून कुणी डिझेल वाढवून ठेवलं असेल तर पूर्ण रेसची चाचणी करूच नका, इंजिन मर्यादेबाहेर फिरून फुटू शकतं. आधी पंपवाल्याकडे.

चाचणीच्या दिवशी इंजिन पुरतं तापलेलं हवं. काटा मधोमध आला म्हणजे तापलं असं नाही, ऑइलही तापावं लागतं, पंधराएक किलोमीटर चालवून थेट मशीनपुढे जा. रांग असेल तर नुसत्या आयडलिंगवर उभे राहू नका. प्लग काजळतात, नंबर येईपर्यंत एचसी चढतो. बंद करून ठेवा आणि नळी घालण्याआधी मिनिटभर मध्यम रेसवर धरा. नळी आत घालण्याआधी मशीन शून्यावर आहे का ते नम्रपणे दाखवायला सांगा. आधी एखादी ऑइलचा धूर टाकणारी स्कूटर तपासली असेल तर तिचा एचसी नळीत चिकटून राहतो आणि तुमच्या खात्यावर पडतो. नळी सायलेन्सरमध्ये निदान ३० सेंटिमीटर आत जायला हवी. तोकड्या पाइपच्या जीपला ती तेवढी जात नाही, तेव्हा हवाबंद बसणारा जोडपाइप सोबत न्या.

पास झालात की दोन्ही आकडे, तारीख आणि त्या दिवशी स्क्रू किती फेरे बाहेर होता हे गाडीच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी काय बदललं ते त्यावरून लगेच कळेल.

आणि तारखा हलवून घ्या. भारत स्टेज ४ च्या आधीच्या गाडीचं प्रमाणपत्र सहा महिने चालतं. ते ऑगस्टमध्ये संपत असेल तर दर वर्षी एक चाचणी ऐन ओलीत, सगळ्यात वाईट हवेत येणार. जुनं संपायची वाट न बघता एकदा नोव्हेंबरच्या शेवटी, वायरी कोरड्या असताना, नवं काढा. पुढचं मग मेच्या शेवटी येतं, पावसाच्या आधी, आणि संपूर्ण पावसाळा, गणपती धरून, गाडीजवळ चालू कागद राहतो. मेमध्ये कागद मिळाला की त्याच दिवशी टाकी काठोकाठ भरा म्हणजे आत ओल धरायला जागा उरत नाही, प्लगच्या टोप्या आणि डेल्कोच्या कडेला सिलिकॉन ग्रीस लावा, आणि पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा गाडी पूर्ण तापेपर्यंत चालवा. शेडमध्येच पाच मिनिटं सुरू करून बंद करत असाल तर ते अजिबात करू नका, त्याने पाण्याची वाफ सायलेन्सरमध्ये आणि पेट्रोल ऑइलमध्ये साठत जातं. बाहेर काढायला जमत नसेल तर सुरूच करू नका, बॅटरीची वायर सोडून ठेवा.